परवानगी मिळणेबाबत

हेमचंद्र टिपणीस हा माणूस मुळात भांडखोर नव्हे. ग्रोसरीच्या दुकानात कोणी त्यांच्या पायावरून कार्ट नेली तर 'सॉरी' हेच म्हणायचे. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत रस्त्यावर एक गाडी नसली, तरी सिग्नल बदलेपर्यंत उणे अठरात नाक पुशीत उभे राहायचे. अशा माणसाला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी शपथेवर लिहून द्यावं लागलं, की मी गेली चोवीस वर्षं रोज सकाळी दुसऱ्याच्या जागेत कोणाला न विचारता राजरोस शिरत आलो आहे. वर ते वाक्य पुरेसं ठसठशीत झालं नाही म्हणून वकीलबाईंनी त्यांच्याकडून दोनदा परत लिहून घेतलं.

भानगड झाली माळावरून. कॅनडातल्या जुन्या मिल्टन गावात टिपणीसांच्या घरामागे दोन एकरांचा एक हिरवा तुकडा होता. कागदोपत्री तो गॉर्डन मॅकलिश नावाच्या शेतकऱ्याचा. गॉर्डनची बाकीची शेती नव्या घरांनी केव्हाच गिळली होती. हा तुकडा तिरपागडा, नकाशात कुठेच नीट न बसणारा, म्हणून उरला होता. ना कुंपण, ना पाटी. गल्लीतली पोरं तिथे खेळून मोठी झाली आणि व्हँकुव्हर-बॉस्टनला निघून गेली. शेजारच्या डोरीनबाई एकामागून एक तीन कुत्री तिथे फिरवून म्हाताऱ्या झाल्या. टिपणीस मंडळी त्याला माळ म्हणायची, त्यामुळे डोरीनबाईसुद्धा कुत्र्याला "माळ?" असं विचारायच्या आणि कुत्रं शेपूट हलवत दाराशी जाऊन बसायचं.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशात दोन एकर गवताचं काय कौतुक? अहो, कॅनडात गवताला तोटा नाही हे टिपणीसांनाही ठाऊक होतं. पण रोज सकाळी साडेसातला माळावर आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या जमायच्या. चार फेऱ्या, मग मधल्या लाकडी बाकड्यावर बसून गुडघे, बीपी आणि परदेशात वाढलेल्या नातवंडांचं मराठी, या तिन्हींबद्दल हळहळ. कोणी एखाद्या दिवशी दिसलं नाही तर अर्ध्या तासात त्याच्या दाराची बेल वाजायची. डॉक्टर रवींद्र किर्तन्यांची बायको सुमेधा गेली, तेव्हा डॉक्टर वर्षभर घरात कोणाशी बोलले नाहीत. पण सकाळी बाकड्यावर येऊन बसायचे, आणि बाकीचे पाळीपाळीने त्यांच्याशेजारी बसायचे. असली सोय टाउनच्या कुठल्याच सीनियर सेंटरमध्ये मिळत नाही.

गॉर्डन गेला आणि त्याच्या भाच्यांनी माळ वॉन शहरातल्या एका कंपनीला विकला. दोन हजार दहाच्या मे महिन्यात एका सकाळी तिथे पाटी उगवली: येथे सेल्फ-स्टोरेज होणार. म्हणजे लोकांच्या घरात जे सामान मावत नाही ते ठेवायच्या भाड्याच्या खोल्या.

"म्हणजे आपण चालायचं बंद करायचं," पद्मजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तिथे लोकांचे जुने सोफे आराम करणार. हीटिंगमध्ये!"

त्या दिवशी टिपणीसांनी चहा अर्धा टाकला. छत्तीस वर्षांच्या संसारात असं फक्त दोनदा झालं होतं.

डॉक्टर किर्तने म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवण्यात हयात गेल्यामुळे निवृत्तीनंतर कोणाला स्वस्थ बसू द्यायचं नाही असा त्यांनी पण केला होता. त्यांनी बाकड्यावरूनच जाहीर केलं, "टिपणीस, ही सरळसरळ वहिवाटीची केस आहे! आमच्या चुलत्यांनी गुहागरात विहिरीच्या वाटेसाठी सव्वीस वर्षं दावा चालवला."

"मग? जिंकले?"

"जिंकले तर! तोवर विहीर बुजली होती, ती गोष्ट वेगळी."

या उत्साहवर्धक उदाहरणानंतर टिपणीस टाउन हॉलमध्ये गेले. तिथल्या काउंटरवरची मुलगी इतकी गोड बोलायची की तिने नाही म्हटलंय हे घरी पोचल्यावर कळायचं.

"हे मैदान लोकांचं आहे अशी नोंद करायची आहे," टिपणीस म्हणाले.

"ऑसम!" ती म्हणाली. "पण त्याचा फॉर्म नाहीये."

टिपणीसांनी कॅनडाला येण्यापूर्वी पुण्यात बांधकाम खात्यात सात वर्षं काढली होती. अशा माणसाला देव नाही म्हटलेलं चालतं, फॉर्म नाही म्हटलेलं चालत नाही. ते तिथून हलेनात. शेवटी मुलीने दयाबुद्धीने सगळ्यात जवळचा फॉर्म दिला. तो टाउनच्या बागेतल्या पिकनिक शेडच्या बुकिंगचा होता. टिपणीसांनी तो काळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत, जादा कागद जोडून भरला. दहा दिवसांनी उत्तर आलं: आपणांस चौदा जून रोजी दुपारी दोन ते चार शेड नंबर तीन देण्यात आली आहे.

"बुकिंग फुकट घालवायचं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. मग सगळे डबे घेऊन शेड नंबर तीनमध्ये गेले आणि माळ बचाव समितीची पहिली सभा तिथे कोथिंबीरवडीवर पार पडली. सभेत एक ठराव एकमताने झाला, तो म्हणजे चैत्रालीला गाठायचं.

चैत्राली ही डॉक्टरांची सून. वाढली फ्रेंचभाषक मॉन्ट्रियलला, वकिली करायची टोरोंटोत. रोज ट्रेनने जाऊन येऊन थकलेली असायची, पण सासऱ्यांनी तीन रविवार सलग जेवताना हाच विषय काढल्यावर तिने शरणागती पत्करली.

"बॉन, काका, लिसन," ती म्हणाली. "इंग्लंडमध्ये असं ग्राउंड गावाचं म्हणून रजिस्टर करता येतं. इथे तसा वेगळा लॉ नाहीये. पण लोकांनी वीसेक वर्षं वापरलं आणि ओनरने ते पब्लिकला सोडून दिलं होतं, असं आपण कोर्टात आर्ग्यू करू शकतो. चान्स टायनी आहे. आणि त्यात तीन गोष्टी प्रूव्ह करायच्या. तुम्ही जबरदस्ती केली नाही. लपूनछपून केलं नाही. आणि परवानगी घेतली नाही."

"घेतली, असं प्रूव्ह करायचं," टिपणीसांनी दुरुस्ती केली.

"नो काका. घेतली *नाही*. परवानगीने वापरलं तर तुम्ही गेस्ट. गेस्टला राइट नसतो. न विचारता वापरलं, तरच राइट."

टिपणीसांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. विचारून वागेल तो सभ्य, न विचारता घुसेल तो लफंगा, असं त्यांना आईवडिलांनी, शाळेने आणि बांधकाम खात्याने शिकवलं होतं. आणि ही मुलगी सांगत होती की कायदा लफंग्याच्या बाजूने आहे!

"काका, सीरियसली विचारते. तुमच्यापैकी कोणी कधी गॉर्डनला परमिशन मागितली होती?"

"छे! कधीच नाही," टिपणीस म्हणाले. तिने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी हेच सांगितलं, तिसऱ्यांदा तर जरा छाती काढूनच. नव्या धर्मात आलेला माणूस जरा जास्तच कडवा असतो.

मग सुरू झाली प्रतिज्ञापत्रांची मोहीम. घरोघरी जाऊन सभ्य माणसांकडून घुसखोरीचा कबुलीजबाब लिहून घ्यायचा, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. डॉक्टर, ज्यांनी हे खूळ काढलं, तेच ऐन वेळी अडून बसले. "'विनापरवाना' हा शब्द काढा. मी पन्नास वर्षं मेडिकल प्रॅक्टिस केलीय, माझ्या नावापुढे विनापरवाना? लोक काय म्हणतील?" कोपऱ्यावरच्या नंदू खऱ्यांनी लिहून दिलं की मी माळावर दोनदाच गेलो होतो आणि दोन्ही वेळा लगेच परत आलो. ते विरुद्ध पक्षाच्या कामाचं होतं, म्हणून फाडून टाकावं लागलं. डोरीनबाईंचं मात्र उलट. त्यांना कबुलीजबाबाची अशी गोडी लागली की तिन्ही कुत्र्यांची नावं, जन्मसाल आणि सवयी लिहून झाल्यावर, अठ्ठ्याऐंशी साली आपण गॉर्डनच्या बांधावरची रुबार्बची भाजी चोरली होती, हेही त्यांनी सही करून दिलं.

पुरावा म्हणून फोटो हवे होते. फोटोंना काय तोटा? पद्मजाबाईंनी बेसमेंटमधून सतरा अल्बम वर आणले. माळावरचा दिवाळीचा फराळ, माळावरची कोजागिरी, माळावर कुडकुडत उडवलेले पतंग. चैत्राली भिंग घेऊन बसली आणि तासाभराने तिने कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत बायका पुढे ओळीने, पुरुष मागे ओळीने, सगळ्यांच्या मागे कोणाची तरी नवी कोरी गाडी. चोवीस वर्षांत कॅमेऱ्याला माळ दिसला होता तो दोन खांद्यांच्या फटीतून.

"काकू, यात ग्राउंड कुठंय?"

"हे काय, माझ्या पैठणीच्या मागे!"

"पैठणीच दिसतेय."

"दिसायलाच हवी. एवढी आणली कशाला?"

अशा रीतीने पुरावा गोळा झाला. टिपणीस या सगळ्यात एकदम बदलत चालले होते. आरशासमोर उभे राहून "मी कोणाला विचारलं नाही, मला विचारायची गरज वाटली नाही," हे वाक्य घोटायचे. एकदा तर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला त्यांनी पाऊल पुढे टाकलं. लगेच मागेही घेतलं, पण टाकलं हे महत्त्वाचं.

कोर्टाची तारीख लागली पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. कंपनीचा वकील निळ्या टायचा, उंच आणि इतका नम्र की टिपणीसांना त्याच्याविषयी पहिल्याच मिनिटाला आपुलकी वाटली. तिथेच चुकलं.

"मिस्टर टिपणीस," निळा टाय म्हणाला, "आपण शपथेवर म्हटलंय की आपण मिस्टर मॅकलिशकडे कधीही परवानगी मागितली नाही."

"मी कोणाला विचारलं नाही," टिपणीस कडाडले. "मला विचारायची गरज वाटली नाही!"

मागच्या बाकावर डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. निळ्या टायने अतिशय हळुवारपणे एक कागद पुढे केला. "मग ही सही कोणाची, सांगाल का?"

टिपणीसांनी कागद घेतला. टाइपरायटरवर टाइप केलेला, समास सोडलेला, तारीख दोन जून एकोणीसशे एक्क्याण्णव. खाली सही त्यांचीच. सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आणि वर, इंग्रजीतच पण थेट बांधकाम खात्याच्या वळणाचा मजकूर: 'विषय: आपल्या मालकीच्या मोकळ्या जागेत एक लाकडी बाकडे ठेवण्यास व सकाळी फिरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी नम्र विनंती की...'

धरणी दुभंगेल तर बरं, असं टिपणीसांना वाटलं. पण ओंटारियोच्या कोर्टात खाली गालिचा असतो. बाकडं तयार झालं होतं, ते कोणाच्या जागेत ठेवायचं तर अर्ज नको का करायला, असं वाटून त्यांनी एका रविवारी तो टाइप केला होता. पोस्टात टाकला. गॉर्डनचं उत्तर आलं नाही. बाकडं त्यांनी दोन महिने वाट पाहून ठेवून टाकलं आणि अर्ज साफ विसरले.

"तेव्हा न्यायाधीशमहोदया," निळा टाय म्हणाला, "ही सगळी मंडळी अत्यंत सज्जन आहेत. पण ती पाहुणी होती. मिस्टर मॅकलिश यांच्या मेहेरबानीने तिथे वावरणारी पाहुणी. आणि पाहुण्यांनी घरावर हक्क सांगू नये."

जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजीचे डबे उघडले आणि तसेच परत मिटले. चैत्राली भिंतीकडे बघत होती.

"काका, तीनदा विचारलं होतं मी."

"मला खरंच आठवलं नाही गं."

"तुम्हाला परमिशन मागितलेली आठवत नाही?"

"किती लक्षात ठेवणार?" टिपणीस कळवळून म्हणाले. "मी सगळ्याचीच मागतो!"

इतका वेळ राग दाबून ठेवलेल्या पद्मजाबाई आता फुटल्या. "अहो, बाकड्याची मागितलीत ते समजू शकते. पण 'व सकाळी फिरण्यास'? फिरण्यास? श्वास घ्यायची कशी नाही मागितलीत? एका अर्जात दोन कामं उरकायची हौस! पोस्टाचं तिकीट वाचवलंत आणि माळ घालवलात."

टिपणीसांना बोलण्याचा राग आला नाही, कारण ते खरं होतं. त्यांना टोचत होता तो दुसराच शब्द. पाहुणे. सदतीस वर्षं या देशात टॅक्स भरला, सदतीस हिवाळे आपल्या आणि शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ शोव्हल केला, डोरीनबाईंचा नवरा गेला तेव्हा तिरडीला नव्हे पण शवपेटीला खांदा दिला, सुमेधावहिनींच्या राखेतली चिमूटभर त्याच माळाच्या कडेला मॅपलच्या मुळाशी घातली. आणि पाहुणे? पाहुणा चार दिवसांनी जातो. आम्ही इथेच मरणार आहोत. रागाने ते उठून उभे राहिले. पण त्या पाहुणेपणावर सही तर आपलीच, रेघ आणि टिंबांसकट, हे आठवून ते पुन्हा खाली बसले. त्यांनी तो अर्जाचा कागद पुन्हा हातात घेतला. जुन्या सवयीने उलटवला. मागे कोरं.

आणि ते ताडकन उभे राहिले.

"चैत्राली, ही झेरॉक्स आहे."

"हो मग? कॉपीच देतात."

"याची मागची बाजू कुठे आहे?"

"काका, मागे काय असणार?"

"मागे काय असणार?" टिपणीसांचा आवाज चढला. "अगं, अर्जाची पुढची बाजू म्हणजे निव्वळ भीक असते! अर्जाचं खरं काय झालं ते मागे असतं. शेरा! साहेब शेरा मागच्या बाजूला मारतात. सात वर्षं मी दुसरं काही वाचलेलं नाही. ज्या कागदावर शेरा नाही तो कागद जिवंतच नव्हे. मूळ कागद मागव."

"काका, इथे असं नसतं. गॉर्डन फार्मर होता, क्लार्क नव्हता."

"अर्ज वीस वर्षं जपून ठेवलाय ना त्याने? मग तो निम्मा क्लार्क होताच. मागव म्हणतो ना!"

आयुष्यात पहिल्यांदा टिपणीस कोणाला तरी विनंती न करता काही सांगत होते, त्यामुळे चैत्राली निमूटपणे उठली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि मूळ कागद सोमवारी हजर करा, असं सांगितलं. निळ्या टायने आनंदाने मान डोलवली. त्यानेही मागची बाजू पाहिली नव्हती, हे उघड होतं. कंपनीच्या लोकांनी गॉर्डनची कागदांची खोकी आणून पुढूनच भराभर मशीनमध्ये घातली होती. इथे सगळं पुढूनच बघायची पद्धत.

तो शनिवार-रविवार टिपणीसांनी कसा काढला ते विचारू नका. डॉक्टर येऊन सांगून गेले की चुलत्यांच्या केसमध्येही असाच एक कागद निघाला होता आणि त्यावरच ते पहिल्यांदा हरले होते. नंदू खरे सहानुभूती दाखवायला आले आणि शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा काय असते ते इंटरनेटवर पाहून, छापून आणलं. पद्मजाबाईंनी त्यांना चहाही विचारला नाही, यावरून परिस्थितीचा अंदाज यावा.

सोमवारी मूळ कागद आला. काळाने पिवळा पडलेला, दोन घड्यांचा. चैत्रालीने तो हातात घेतला, उलटवला आणि न्यायाधीशबाईंच्या हातात दिला. बाईंनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मोठ्याने वाचला. पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, गॉर्डनने बायकोला लिहिलेला निरोप होता:

'मार्गरेट, या माणसाला काय झालंय कळत नाही. रोज तर फिरतोय. इथे कोणी कधी विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही, ते मैदान मी केव्हाच सगळ्यांना सोडलंय. उत्तर देऊ नकोस, बिचारा ओशाळेल.'

कोर्टात आधी डोरीनबाई फस्सकन हसल्या आणि लगेच रुमालाने डोळे पुसायला लागल्या. निळा टाय कागदाकडे असा पाहत होता जणू त्याला कोणीतरी उलट्या बाजूने चावलंय. टिपणीसांना हसावं की रडावं कळेना. वीस वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्याने त्यांना नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. त्यांची लाज राखली होती. आणि ते मात्र उत्तर आलं नाही म्हणून दोन महिने त्याच्यावर फुगून बसले होते!

पुढचं फार लांबवत नाही. कंपनीच्या लोकांनी निकालापर्यंत थांबायचं धाडस केलं नाही. उन्हाळाभर वकिलांची पत्रापत्री झाली. रस्त्याकडचा एक त्रिकोण कंपनीला, बाकीचा सगळा माळ टाउनच्या नावावर, कायमचं सार्वजनिक मैदान म्हणून. तशी नोंद झाली, शिक्क्यासकट. टिपणीसांनी नोंदीचा कागद हातात घेतल्याबरोबर आधी उलटून पाहिला.

सप्टेंबरात उद्घाटन ठरलं. तंबू आला, माइक आला, मेयर आले, कंपनीचा मोठा साहेब वॉनहून काळ्या गाडीतून आला. माळाच्या तोंडाशी लाल फीत बांधली होती आणि तिच्याशेजारी एक झाकलेली पाटी. कार्यक्रमात शेवटचं कलम होतं आभारप्रदर्शन, आणि ते अर्थातच टिपणीसांकडे. आता हे सांगायला हवं, की या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या ओंटारियोत नव्हता. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आभार तेच मानायचे. सतरंज्या घालणाऱ्यापासून हवामानापर्यंत कोणाला सोडायचे नाहीत.

पाटीवरचं कापड निघालं. चकचकीत पितळेवर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत, आणि खाली: 'यांच्या उदार देणगीतून, समाजास सप्रेम भेट.'

टाळ्या झाल्या. कंपनीचा साहेब नम्रपणे झुकला. पद्मजाबाईंनी पाटी वाचली, मग नवऱ्याकडे पाहिलं. टिपणीसांच्या खिशात दोन पानी आभार घडी घालून ठेवलेले होते, सगळ्यांच्या नावांसकट, साहेबांचं नाव दुसरं. ते माइकपाशी गेले. घडी उलगडली. पाटीकडे एकदा बघितलं आणि कागद परत खिशात ठेवला.

"माझ्यावर आभार मानायचं काम आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "सदतीस वर्षं मी या देशात तेच करत आलोय. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे मानतो. दार उघडं धरणाऱ्याचे मानतो. माझ्या पायावर पाय देणाऱ्याचेसुद्धा मानलेत. पण या जागेचे मानणार नाही. ही आम्हाला कोणी दिलेली नाही. ही आमचीच होती. माझ्याकडून एकदा विचारायची चूक झाली, ती परत होणार नाही. एवढंच."

आणि ते खाली उतरले. कोणाला टाळी वाजवावी की नाही कळेना. मेयर हातात मोठी कात्री घेऊन हसत होते, पण कशाला हसतोय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कंपनीचा साहेब बुटांकडे बघत होता. डॉक्टर किर्तने एवढंच पुटपुटले, "शाब्बास रे."

"झालं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"झालं."

"मग चला. साडेनऊ वाजले, आज एकही फेरी झालेली नाही."

"अगं, पण फीत कापायची आहे अजून. त्यांना जरा विचारून..." टिपणीस बोलता बोलता थांबले. पद्मजाबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

टिपणीसांनी घसा खाकरला, पुढे झाले आणि फीत एका हाताने वर उचलून धरली. पद्मजाबाई पदर सावरत तिच्याखालून माळावर गेल्या. मागून डॉक्टर, मागून डोरीनबाई आणि कुत्रं, आणि लिहून दिल्याप्रमाणे दोनदाच येणारे नंदू खरे तिसऱ्यांदा. टिपणीस सगळ्यांत शेवटी गेले. फीत त्यांनी मेयरांच्या हातात दिली आणि मागे वळून न पाहता पहिल्या फेरीला लागले.